एक साबण, किती गावं!

साबण आपण गटात करतो, विकतो. आज जरा साबणाच्या गावांबद्दल बोलू.

भूमध्य समुद्राच्या एका काठाला फ्रान्सचं मार्सेय बंदर, दुसऱ्या काठाला लेबनॉनचं त्रिपोली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण साबण एकच: ऑलिव्हचं तेल, पाणी आणि खार. त्रिपोलीत साबणवाल्यांची जुनी सराई अजून उभी आहे. शब्दही एकाच घरातले. अरबीत साबून, फ्रेंचमध्ये सावाँ, इटालियनमध्ये सापोने, आणि आपल्याकडे साबण!

मार्सेयच्या साबणासाठी १६८८ मध्ये राजाने हुकूमच काढला होता. ऑलिव्हशिवाय दुसरं तेल किंवा चरबी घातली, तर माल जप्त. आज मात्र पामतेलाची, भलत्याच देशात केलेली वडीसुद्धा 'मार्सेय साबण' म्हणून खपते. जुने कारखाने मोजकेच उरलेत. नाव आपल्या मुलखापुरतं राखावं, की पद्धत पाळणाऱ्या कुणालाही द्यावं, यावर तिथल्या कारखानदारांतच एकमत नाही. आम्हाला विचाराल तर राखावं. पण ही कला मुळात पूर्वेकडूनच तिकडे गेली म्हणतात, मग पूर्वेकडच्यांचं काय?

२०२४ मध्ये युनेस्कोने सीरियातल्या अलेप्पोची आणि पॅलेस्टाईनमधल्या नाबलूसची साबण करण्याची परंपरा वारसा यादीत घेतली. ही गावं बंदरं नव्हेत, समुद्रापासून आत आहेत. दोन्हीकडे लढाईची झळ. यादीत नाव आलं, चांगलंच झालं; पण कढई चढवायला तेल लागतं, आणि तेलासाठी आपल्याच ऑलिव्हच्या बागेपर्यंत सुखरूप जाता यावं लागतं.