फिल्मची चीर आणि कारागिराचा हात

(सुरगाणा येथे आयटीआयचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. समाज आणि संस्कृती यांवर लिहिणाऱ्या पत्रकाराने प्लॅस्टिकची फिल्म चिरून गुंडाळण्यावर काय बोलावे? परंतु आपल्या भागातील तरुण या धंद्यात 'हेल्पर' म्हणून शिरतो आणि पुष्कळदा 'हेल्पर' म्हणूनच बाहेर पडतो. ही गोष्ट मला राष्ट्रजीवनाच्या दृष्टीनेच चिंतेची वाटते. म्हणून हे काम नेमके काय आहे, ते आधी नीट पाहू.

वेफर्सच्या पाकिटाची आतली बाजू चांदीसारखी चमकते. पाचशेची नोट तिरपी केली की हिरवा दिसणारा धागा निळा होतो. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, पण हा धागा छापलेला नसून कागद तयार होतानाच त्यात ओवलेला असतो. आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या अस्सल पैठणीची जर म्हणजे चपट्या केलेल्या चांदीच्या तारेचे रेशमावर दिलेले वेढे. स्वस्त साडीतला चमकता धागा मात्र बहुधा धातू चढवलेल्या पॉलिएस्टर फिल्मची केसासारखी बारीक चीर असते. घरातल्या पंख्याच्या कपॅसिटरमध्येही हीच जात, फक्त अधिक पातळ. या सगळ्या वस्तू एका टप्प्यावरून जातात. रुंद फिल्मचा अवजड जम्बो रोल यंत्रावर चढतो, पात्यांनी त्याच्या अरुंद पट्ट्या होतात आणि त्या पुन्हा लहान रोलवर गुंडाळल्या जातात. यालाच कारखान्यात स्लिटिंग आणि वाइंडिंग म्हणतात.

पाकिटाची पॉलिएस्टर फिल्म साधारण १२ मायक्रॉन जाडीची. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉनचा. अशा फिल्मच्या एका किलोत सुमारे ६० चौरस मीटर पसारा मावतो. तिच्यावर धातू चढवताना बंद पेटीतली हवा काढून घेतात, तापलेल्या पात्रावर ॲल्युमिनियमची तार सोडतात, तिची वाफ होते आणि थंड रुळावरून धावणाऱ्या फिल्मवर ती जमते. हा थर मायक्रॉनच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाइतका. नखाने ओरखडला तर जाईल, इतका नाजूक. काही फिल्मवर धातूऐवजी किंवा धातूच्या जोडीला रंगाचा, चिकटद्रव्याचा अथवा लाखेसारखा लेप असतो. एवढा खर्च आणि एवढी मेहनत झाल्यावर तो माल स्लिटिंग यंत्रावर येतो. आधीच्या सर्वांचे काम उत्तम झाले असले, तरी ते या शेवटच्या पात्यापाशी वाया जाऊ शकते.

तुमच्या घरांत बांबू चिरून कामट्या काढणारे हात आहेत. त्यांना ठाऊक असते की बांबूचे तंतू उभे असतात, कोयता एकदा बसला की चीर त्या रेषेने पुढे धावते. फिल्मला असा सांगाती नाही. पाते जिथे जाईल तिथे चीर. धार बोथट झाली की कड फाटल्यासारखी होते, बारीक चुरा उडतो आणि तो गुंडाळीत थरांमध्ये अडकतो. लेप असेल तर तो कडेला तडकतो. पातळ फिल्मला ब्लेडसारखे पाते, जाड फिल्मला कात्रीप्रमाणे एकमेकांवर फिरणारी वरखाली दोन गोल पाती. कोणते पाते केव्हा बदलायचे, हे यंत्र सांगत नाही. ते कडेवर बोट न लावता, उजेडात रोल धरून पाहणाऱ्या माणसाला कळते.

गुंडाळणे तर चिरण्याहून अवघड. जरा हिशेब करू. सहा इंची कोअरवर १२ मायक्रॉनची १२,००० मीटर फिल्म गुंडाळली, तर एकावर एक सुमारे साडेबारा हजार थर बसतात. रुंदीत एखाद्या ठिकाणी फिल्म एक दशांश मायक्रॉन, फक्त एक दशांश, जाड असेल, तर तेवढे थर मिळून रोलवर सव्वा मिलिमीटरचा वळ उठतो. त्या वळावर फिल्म ताणली जाते आणि पुढे छपाईला ती लाटांसारखी उलगडते. दुसरे दुखणे ताणाचे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच ताण ठेवला, तर बाहेरचे थर आतल्या थरांना दाबतात आणि रोलच्या तोंडावर चांदणीसारख्या सुरकुत्या पडतात. ताण कमी पडला तर दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे थर बाजूला सरकतात. म्हणून रोल वाढत जाईल तसा ताण हळूहळू उतरवायचा असतो. मिनिटाला तीनशे मीटर वेग म्हटला तरी सेकंदाला पाच मीटर फिल्म धावते. तिच्याबरोबर हवाही थरांत शिरते, ती दाबाच्या रबरी रुळाने बाहेर काढावी लागते. रूळ जास्त दाबला की रोल दगडासारखा, कमी दाबला की उशीसारखा. अनुभवी ऑपरेटर रोलवर टिचकी मारून आवाजावरून काय ते सांगतो. मी कला शाखेचा माणूस, पण तबल्याची शाई आणि वादी जुळवणाऱ्याचा कान मला ओळखता येतो. हा कान त्याच जातीचा आहे.

कपॅसिटरचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. नाशिकमध्ये टीडीके समूहाच्या कारखान्यात फिल्म कपॅसिटर तयार होतात, म्हणून ते आपल्या जवळचेही आहे. त्यासाठीची पॉलिप्रॉपिलीन फिल्म चार-पाच मायक्रॉनचीही असते. तिच्या एका कडेला धातू नसलेली अरुंद पट्टी मुद्दाम कोरी ठेवलेली असते. अशा दोन फिल्म एकत्र गुंडाळतात. एकीची कोरी कड डावीकडे, दुसरीची उजवीकडे. मग दोन्ही तोंडांवर वितळलेल्या धातूचा फवारा मारला की प्रत्येक फिल्म आपापल्या बाजूनेच विजेला जोडली जाते. रुंद फिल्म चिरताना पाते या कोऱ्या पट्टीच्या बरोबर मध्यावरून जावे लागते. अर्धा मिलिमीटर जरी भरकटले, तरी एका बाजूची कोरी जागा अपुरी पडते आणि कपॅसिटर निकामी होतो. या फिल्मचा एक गुण थक्क करणारा आहे. आत कुठे विजेने भोक पाडले, तर त्या भोवतालचा धातू क्षणात उडून जातो आणि जखम आपोआप बंद होते. चुकीच्या चिरीची जखम मात्र अशी भरत नाही.

आता स्वदेशीविषयी, कारण आपल्या व्यासपीठावर तो शब्द सहज उच्चारला जातो. तासगावात जन्मलेले आबासाहेब गरवारे यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेली कंपनी आज छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि चिकलठाणा येथे पॉलिएस्टर फिल्म बनवते आणि मोटारींच्या काचांसाठी लागणारी लेपित फिल्म परदेशी पाठवते. इगतपुरीजवळ मुंढेगावात जिंदाल पॉलिफिल्म्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला. फिल्म बनवण्यात आपण मागे नाही. पण अतिसूक्ष्म स्लिटिंगची उत्तम यंत्रे पाहायला जा, त्यांवर जर्मनीचे, ब्रिटनचे, जपानचे नाव आढळते. मुंबई-अहमदाबादकडे स्लिटिंग यंत्रे बनवणारे भारतीय उद्योजक आहेत. त्यांना पुढे जायचे असेल, तर यंत्रापाशी उभे राहून दोष नेमक्या शब्दांत सांगणारा कामगार हवा. जर्मनीत यंत्र सुधारते ते एकट्या अभियंत्याच्या टेबलावर नव्हे. यंत्र आयात करता येते, पण टिचकीचा आवाज ओळखणारा कान येथेच घडवावा लागतो. स्वदेशीच्या सभांत या कानाचा उल्लेख होत नाही, याचे मला वाईट वाटते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. त्या संघाने श्रमिक दिन म्हणून विश्वकर्मा जयंती निवडली, त्यामागे कामगार हा निर्माता आहे ही दृष्टी होती. आपल्या अनेक कारखान्यांत मात्र काय दिसते? ठेकेदाराकडून आलेला मुलगा सहा-आठ महिने कोअर उचलतो, ट्रिम गोळा करतो, मग ठेका बदलतो आणि तोही बदलतो. त्याच्या जागी नवा मुलगा येतो. कौशल्य कुणाच्याच हातात मुरत नाही. व्यवस्थापनाला हे स्वस्त वाटते. फेकलेल्या रोलचा हिशेब केला तर ते महाग पडते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

सुरगाण्यातून माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवरच्या काही गावांनी गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा पुण्या-मुंबईत केवढी खळबळ! रस्ते, पाणी, दवाखाना यांची उणीव त्या मागणीच्या मुळाशी होती. वनवासी बांधवांच्या महाराष्ट्रनिष्ठेवर शंका घेणाऱ्यांनी आधी त्या रस्त्यावरून एस.टी.ने प्रवास करावा. या माणसांच्या हाताला कसब मिळाले, तर ती कुठेही मजूर म्हणून नव्हे, कारागीर म्हणून जातील.

पालकांना धोकाही सांगितला पाहिजे. १ जानेवारी २०२३ रोजी मुंढेगावच्या त्या कारखान्यात भीषण आग लागून कामगारांचे प्राण गेले. मे २०२५ मध्ये तिथेच पुन्हा मोठी आग लागली. फिल्म पेट घेणारी वस्तू आहे. वेगाने उलगडताना तिच्यावर स्थिर वीज साचते, आणि लेपाच्या विभागात द्रावकांची वाफ असेल तर एक ठिणगी पुरते. मुलांनो, पाते बदलताना यंत्र पूर्ण थांबलेले असावे आणि हातात न कापणारे मोजे असावेत; पण फिरत्या रुळांजवळ मोजा घालून हात नेऊ नका, रूळ मोज्यासकट हात ओढतो. सैल बाही, गळ्यातला रुमाल, हातातला गंडा, सगळे बाहेर ठेवून आत जायचे. गंडा बाहेर ठेवल्याने देव कोपत नाही.

शेवटी कामाची गोष्ट. १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवारी मिळते, विद्यावेतन मिळते. फिटर आणि इलेक्ट्रिशियन झालेल्यांनी थेट ठेकेदाराकडे न जाता आधी तिथे नाव नोंदवावे. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगरात सिपेट ही प्लॅस्टिक-तंत्राची केंद्रीय संस्था आहे. ठेकेदाराकडेच जावे लागले, तर पहिल्या महिन्यात पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि ईएसआयचे कार्ड या तीन गोष्टी मागून घ्या. आणि एक वही ठेवा: कोणती फिल्म, किती जाडी, किती ताण, कोणते पाते, रोल कसा निघाला. दुसऱ्या कारखान्यात मुलाखतीला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.