पक्षाघाताचा रुग्ण आणि बाहेर बसलेली घरची माणसे
(सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पक्षाघात, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, त्याची लक्षणे आता पुष्कळांना पाठ आहेत. तोंड वाकडे होते, हात गळतो, बोलणे अडखळते. १०८ ची रुग्णवाहिकाही महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. रुग्ण आत गेल्यावर बाहेर बाकावर बसलेल्यांना कोण, काय आणि केव्हा सांगतो, एवढ्यापुरतेच आज आम्ही बोलणार आहोत.

माहिती प्रथम घरच्यांनीच द्यायची असते. डॉक्टर विचारतात, रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला? 'सकाळी उठला तेव्हा हात हलेना' हे उत्तर पुरे नाही. रात्री दहाला बोलून झोपला असेल तर सहसा दहापासूनच वेळ मोजतात, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तिचे पाकीट बरोबर न्यावे.

मग सी.टी. स्कॅन होतो. मेंदूत रक्तस्राव दिसला तर हे इंजेक्शन देता येत नाही. गुठळीचा झटका असला तरी धोका असतोच. अमेरिकेतील १९९५ सालच्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या शंभरातील सुमारे सहा जणांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण सावरलेले रुग्ण त्याच गटात अधिक होते. या दोन्ही बाजू घरच्यांना मराठीत सांगायला पाच मिनिटे पुरतात. 'इथं सही करा' एवढ्यावर घेतलेला अंगठा आम्ही संमती मानत नाही. उपचाराचे स्वरूप, फायदा, धोका आणि पर्याय सांगितल्यावरच संमती खरी, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली सांगितले आहे.

डॉक्टरांची अडचणही समजून घ्यावी. आपल्या पेठेत एक माणूस दाखल झाला की अर्धी गल्ली आणि तालमीची पोरे दारात उभी राहतात. वीस जण विचारतात आणि वीस तऱ्हेच्या बातम्या घरी पोचतात. त्यापेक्षा घरातील एकाने विचारावे, त्याचे नाव व फोन केसपेपरवर लिहून घ्यायला लावावे, आणि रुग्णालयाने राऊंडनंतरची एक ठराविक वेळ सांगावी. 'अजून सांगता येत नाही' हे उत्तरसुद्धा चालते, पण ते वेळेवर आणि समोर येऊन सांगितलेले असावे.

आम्हाला सर्वांत खटकते ते वेगळेच. बोलणी पुरुष करतात आणि पुढे सहा महिने रुग्णाला भरवणारी, कुशीवर वळवणारी त्याची बायको किंवा सून मागे उभी असते. गिळता येते का हे तपासल्याशिवाय घोटभर पाणीही द्यायचे नाही, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते, हे नेमके तिलाच कोणी सांगत नाही. घरी जाताना डिस्चार्ज कार्ड मिळते, ते इंग्रजीत. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करायची नाही, ही ओळ तिला कोण वाचून दाखवणार?

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क आहे. मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, हा नियम डॉक्टरांसाठी २००२ पासून आहे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. योजनेबाबत त्याला विचारायला संकोच करू नये.

विद्यार्थी मित्रांना एकच काम सांगतो. शेजारच्या घरातील रुग्णाला सुटी मिळेल त्या दिवशी तासभर अगोदर जा. कार्डावरची प्रत्येक गोळी कशासाठी, किती वाजता आणि किती दिवस, हे सिस्टरना विचारून त्या बाईंसमोर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच कागदावर सर्वांत वर लिहा.