पाइपचं तोंड बंद करा

आज बर्डीवरून बोलतोय, कागदोपत्री सीताबर्डी. मागे मेन रोडचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या.

काकांच्या कापड दुकानात कोणता माल किती वेळा विकला गेला, ते मोजायचं होतं. गाइल स्कीममध्ये 'पाइपलाइन' नावाची प्रोसीजर आहे. तिला 'सॉर्ट' आणि मोजणी करणारी 'युनिक' अशा दोन कमांड्स दिल्या. ती तीन गोष्टी परत देते: वाचायचा पोर्ट, लिहायचा पोर्ट आणि प्रोसेसचे आयडी. मालाची नावं लिहिली, वाचायला गेलो अन् प्रोग्राम ठप्प! काका दोनदा डोकावून गेले, "झालं का बे?"

आता बघा, शेवटची ओळ आल्याशिवाय सॉर्ट पहिली ओळसुद्धा सोडू शकत नाही. लिहायचा पोर्ट उघडाच असेल, तर त्याला शेवट कळणार कसा? वाचण्याआधी 'क्लोज-पोर्ट' केलं, आकडे धडाधड आले.

सॉर्टच्या जागी 'ग्रेप' असता तर भानगड वेगळी. तो येईल तसं पुढे सोडतो. लिनक्सवर एका पाइपमध्ये साधारण 64 केबी मावतं. आपण न वाचता ओततच राहिलो, तर पाइप तुंबतो. तो आपल्यासाठी थांबतो, आपण त्याच्यासाठी. तिथे वाचायला वेगळा थ्रेड ठेवा. आणि काम झाल्यावर प्रत्येक आयडीवर 'वेटपिड' करा, नाहीतर प्रोग्राम चालू आहे तोवर झोंबी प्रोसेस साचत जातात.