दिवसभराचे ऊन, दिवसभराची वीज



मी आयुष्यभर कामगारांच्या पाळ्यांचा हिशेब मांडीत आलो. शाळा थोडी झाली. पुढचे वाचून आणि विचारून शिकलो. आज सूर्याच्या पाळीचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस बिबट्याच्या वाटेवर उभा असतो, हे आंबेगाव-जुन्नरला सांगायला नको. दिवसा वीज हवी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली, २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, आणि विहिरीशेजारी सौर पॅनेल दिसू लागली.

त्यांचे तोंड कुठे करावे? रूढ उत्तर असे : दक्षिणेला, अक्षांशाएवढा उतार देऊन, आपल्याकडे सुमारे १९ अंश. वर्षाची बेरीज त्यात जवळजवळ सर्वांत मोठी येते. पण बेरजेने पिकाचे भागत नाही. विषुवदिनी मध्यान्हीचे सरळ ऊन १०० धरा. त्याआधी चार तास अशा पॅनेलवर ५० पडते, पाच तास आधी अवघे २६. हा नुसता कोनाचा हिशेब झाला. सकाळचे ऊन मुळातच मंद असते. उलट, मध्यान्ही पंपाला पेलेल त्याहून जास्त वीज आली, तर ती वाया जाते. एका तासाला साठ माणसे आणि उरलेला दिवस कारखाना ओस, असाच हा कारभार!

दुसरा मार्ग म्हणजे अर्धी पॅनेल पूर्वेला, अर्धी पश्चिमेला. मात्र उतार थोडा असेल तर दोन्ही बाजूंना एकदम ऊन लागते आणि सपाट मांडल्यासारखीच गत होते. उतार ६० अंश केला तर त्याच दिवशी मध्यान्हाआधी चार तास ४९, दोन तास ४२ आणि मध्यान्ही ४७ असा सम हिशेब येतो. पण दुपारचा जोर निम्म्यावर उतरतो. तो राखायचा तर पॅनेल सुमारे दुप्पट हवीत. म्हणजे पैसा हवा.

तिसरा मार्ग फिरत्या सांगाड्याचा : सकाळी पूर्वेला, दुपारी माथ्याकडे, मग पश्चिमेला. ६० अंश पूर्वेला कललेल्या पॅनेलवर मध्यान्हाआधी चार तास ५० ऐवजी ९९ पडते. पॅनेल तेवढीच, पाणी दिवसभर.

आता माझ्या धंद्याचा प्रश्न विचारतो. हाताने फिरवायचा तो सांगाडा फिरवणार कोण? घरची बाई, नाहीतर शेतावरचा गडी. दिवसातून तीनदा हातातले काम टाकून बांधावर यायचे, हेही कामच आहे. पंपाच्या खर्चात ते कोणी लिहीत नाही, कारण ते फुकट मिळते असे आपण धरून चालतो.

म्हणून पॅनेल बसवण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवा. पाणी कोणत्या वेळी हवे, आणि ते सम मिळावे म्हणून द्यायचे काय : जास्तीची पॅनेल की माणसाचे श्रम? श्रम द्यायचे ठरले, तर गड्याच्या मजुरीत ते धरा, आणि घरच्या बाईच्या नावेही मांडा.