शिल्लक शून्याखाली जात नाही

(शिरपामाळ, जव्हार येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१६६४ मध्ये सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, असं इथे सांगतात. मी मात्र आज १७ रुपये ७० पैशांबद्दल बोलणार आहे.

जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यातून महिन्याला चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला स्टेट बँक १५ रुपये आणि वर जीएसटी कापत होती. यूपीआयवरून चहाचे दहा रुपये दिले, तरी कापायचे १७ रुपये ७० पैसे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी हे खोदून काढलं. त्यांच्या हिशेबाने २०१५ ते २०२० मध्ये सुमारे बारा कोटी खात्यांतून तीनशे कोटींहून जास्त रक्कम गेली. थेट कर मंडळाने २०२० मध्ये डिजिटल व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करायला सांगितलं, तेव्हा काही लोकांना ते मिळाले. गरिबाच्या पासबुकातली प्रत्येक ओळ कुणीतरी बसून वाचली, म्हणून हे झालं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शुल्क कापणारा कोणी माणूस नसतो, प्रोग्राम असतो. किमान शिल्लक नसली की दंड लागतो. खात्यात पैसेच नसतील, तर तो दंड येणे म्हणून मागे उभा राहतो आणि पुढची रक्कम आली की आधी तो वसूल होतो. ती रक्कम मजुरीची आहे की शिष्यवृत्तीची, हे प्रोग्राम विचारत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा पहिला हप्ता जमा झाला, तेव्हा कित्येक बायकांचे पैसे असेच गेले. हे पैसे कापू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

नियम काय आहे? रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे. बचत खात्यात शिल्लक कमी पडली, तर बँकेने आधी कळवायचं आणि महिन्याची मुदत द्यायची. दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात हवा. आणि नुसत्या दंडामुळे शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंडच बंद केला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही. खासगी बँकांत तो अजून जोरात आहे.

आपल्या घरांत एक वेगळीच गोष्ट दिसते. व्याज नको म्हणून काही जण चालू खातं उघडतात. भावना समजते, पण त्या खात्याची किमान शिल्लक बहुधा जास्त असते आणि २०१४ चा हा नियम फक्त बचत खात्यांचा आहे. म्हणजे व्याज टाळलं आणि दंड घरात घेतला! त्यापेक्षा मूलभूत बचत खातं ठेवा, आलेल्या व्याजाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. जनधन खात्यावरच्या दहा हजारांपर्यंतच्या ओव्हरड्राफ्टलाही व्याज लागतंच, ते फुकट नाही.

मोबाइलचा हप्ता घेतलेल्यांनी नीट ऐका. हप्ता परत गेला की बँक शुल्क लावते आणि कर्ज देणारी कंपनीही लावते. एका चुकलेल्या हप्त्याला दोन दंड. ऑगस्ट २०२१ पासून हप्ते रविवारी आणि सुट्टीलाही कापले जातात, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत. पगार सातला होत असेल, तर हप्त्याची तारीख पाच कशाला? कंपनीकडून बदलून मागा. शिल्लक न पाहता एटीएममध्ये कार्ड घालू नका. पैसे नाहीत म्हणून व्यवहार नाकारला गेला, तरी अनेक बँका शुल्क घेतात.

आता कागद काढा. शाखा व्यवस्थापकांच्या नावाने लिहा: ‘माझे बचत खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलावे.’ मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. पैसे कापले असतील, तर तारीख आणि रक्कम लिहा आणि मला आधी सूचना कधी दिली, ते विचारा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. आईचं आणि खालाचं पासबुक आणलं असेल, तर पुढे या, एकेक ओळ वाचू.