चालते घर आणि गोठणारे पाणी

उसाचा हंगाम सुरू झाला की बोरगावच्या शिवारात बीडकडील ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या येऊन उतरतात. गाडीवर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोपीचे सामान आणि वर बसलेली लहान मुले. एक अख्खा संसारच चाकांवरून आलेला असतो. त्या संसाराचे पाणी घागरीत असते. डिसेंबरच्या पहाटे दूधगंगेच्या खोऱ्यात बोचरी थंडी पडते, परंतु तिने घागर काही फुटत नाही. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले तर ती वर्तमानपत्रांत छापण्याजोगी बातमी ठरते. तेव्हा घरातील नळांना थंडीपासून जपावे लागते, हे या भागातील माणसाला नवलाचे वाटले तर ते साहजिकच होय.

परंतु या भागातील माणसे आता केवळ या भागातच राहत नाहीत. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. तेथे शिकून तयार झालेला जवान लडाखमध्ये जातो, तेव्हा हिवाळ्यात नळ कोरडे ठेवून पाणी टँकरने आणण्याची रीत त्याला पाहावयास मिळते. द्रासला तर पारा उणे 20 अंशांच्याही खाली उतरतो. कित्येक घरांतील मुले त्याहून लांब, अमेरिकेत आणि कॅनडात स्थिरावली आहेत. त्या देशांत मोटारघर नावाचे एक वाहन असते. एखाद्या बसएवढ्या गाडीत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, शौचकूप, पाणी तापविण्याचा बंब आणि पाण्याची टाकी, असे सर्व काही बसविलेले असते. उन्हाळ्यात कुटुंब त्यातून हिंडते आणि हिवाळ्यात ते अंगणात उभे राहते. धोका असतो तो या उभे राहण्याच्या काळात.

पाण्याचा स्वभाव इतर पदार्थांहून निराळा आहे. थंड होत जाताना ते 4 अंशांपर्यंत आक्रसते, आणि तेथून पुढे मात्र प्रसरण पावू लागते. बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. शीतकपाटात विसरलेली भरलेली काचेची बाटली का तडकते, हे यावरून समजते. नळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. जेथे बर्फ धरतो तेथेच ती फुटते असे नाही. बर्फाचा खडा वाढत असता तो आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी कोंडते, त्याचा दाब भयंकर वाढतो आणि नळी तेथे फाटते. शिवाय फाटलेली नळी त्या वेळी गळत नाही, कारण आत बर्फ असतो. वसंतात पाणी सोडावे तेव्हा भिंतीच्या आतून धार लागते, आणि मग लाकूड, गाद्या, जमीन सारेच भिजते.

समजा, बोरगावचे एखादे गृहस्थ ऑक्टोबरात मिशिगनमधील मुलाकडे गेले आहेत आणि मुलगा मोटारघराची आवराआवर करीत आहे. टाकीची तोटी उघडून त्याने पाणी सोडून दिले आणि म्हणाला, ''आबा, टाकीत आता थेंब नाही. झाले काम.'' ज्याने विहिरीवरील मोटार जन्मभर चालविली आहे, तो वडील एवढ्यावर थांबणार नाही. ''अरे, टाकी रिकामी झाली, पण पंपात काय आहे? नळीच्या वळणात काय आहे?'' असेच तो विचारील. फूटव्हॉल्व्ह पाणी कसे धरून ठेवतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मोटारघराच्या पंपातही पाणी मागे न जाऊ देणारी झडप असते. विहिरीवर जे पाणी उतरू नये म्हणून शेतकरी जपतो, तेच येथे शेवटच्या थेंबापर्यंत काढावयाचे असते.

म्हणून काम क्रमाने करावे लागते. बंब विझवून पूर्ण निवू द्यावा, दाब सोडावा, मगच खालचे बूच काढावे. या एका ठिकाणी घाई केल्यास अंग भाजते. गार व गरम पाण्याच्या नळ्यांची सर्वांत खालची बुचे उघडावीत आणि सर्व तोट्याही उघड्या ठेवाव्यात, बाहेरच्या बाजूस असलेली आंघोळीची तोटीसुद्धा. हीच तोटी बहुधा विसरली जाते आणि हीच फुटते. पाणी गाळण्याची नळकांडी काढून घ्यावी. सांडपाण्याच्या व मैल्याच्या टाक्या नेमलेल्या जागी रिकाम्या करून धुवाव्यात. कित्येक जण नळ्यांतून दाबाची हवाही सोडतात. तिचा दाब दर चौरस इंचास 30 ते 40 पौंडांहून अधिक असू नये, नाही तर थंडीने व्हावयाचे ते हवेनेच होईल.

त्यानंतर येते ते न गोठणारे द्रव. बंबाला वळसा देणारी झडप फिरवावी, म्हणजे द्रव त्यात वाया जात नाही. पंपाची शोषनळी द्रवाच्या डब्यात घालून एकेक तोटी उघडावी, आधी गार मग गरम, आणि गुलाबी धार आली की बंद करावी. मोरीच्या वाकड्या नळीत कपभर वरून ओतावे. साधारणतः 8 ते 12 लिटर पुरते. मात्र नळीत मागे राहिलेले पाणी या द्रवात मिसळते आणि त्याचे बळ कमी करते. ''वर औषध घालतोच आहोत, थोडे पाणी राहिले तर राहू दे,'' हा विचार म्हणूनच चुकीचा होय. आणखी असे की, उणे 45 अंशांपर्यंतचे म्हणून जे द्रव विकले जाते, ते त्या थंडीत पातळ राहत नाही. ते त्याच्या पुष्कळ आधीच भिजल्या साखरेसारखे रवाळ होते. फक्त नळी फोडीत नाही.

सर्वांत मोठी सावधगिरी द्रव विकत घेताना बाळगावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठीचे द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते, आणि ते विष आहे. चवीला गोड असल्यामुळे मुले आणि कुत्री ते चाटतात, आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेली आढळतात. गुलाबी ते चांगले, असा समज पुष्कळांचा असतो, पण रेडिएटरचे काही द्रवही गुलाबी अथवा तांबडे असते. तेव्हा रंग पाहू नये, डब्यावरील नाव वाचावे. आणि घरातील वडील माणसांस इंग्रजी वाचता येत नसेल तर मुलाने ते वाचून सांगावे.

वसंतात बुचे पुन्हा बसवून नळ्या स्वच्छ पाण्याने फेस व रंग जाईपर्यंत धुतात. मग टाकीत दर 15 गॅलन पाण्यास पाव कप, म्हणजे सुमारे 57 लिटरांस 60 मिलिलिटर, बिनवासाचे साधे क्लोरीन ब्लीच घालून ते पाणी सर्व तोट्यांपर्यंत नेतात, काही तास तसेच ठेवतात आणि पुन्हा धुऊन काढतात. गावच्या विहिरीत पावसाळ्यात टी.सी.एल. पावडर पडताना ज्याने पाहिली आहे, त्याला तो वास ओळखीचा वाटेल. तो पुरता गेला की पहिला चहा ठेवावयास हरकत नसते.