नीलम, सान आणि एक पावती
(रायपूर येथे रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज वेतन आयोगावर बोलावे अशी बऱ्याच जणांची अपेक्षा असेल. तो विषय पुढच्या बैठकीत घेऊ. आज आम्ही नीलमवर बोलणार आहोत. हसू नका. किती जणांच्या मधल्या बोटात तो आहे, हे आम्हांला इथूनच दिसते आहे! साडेसातीचा वाद आम्हांला घालायचा नाही. तो दगड घासणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे.

झाले असे की, आपल्या एका सेवानिवृत्त गार्डांच्या अंगठीतल्या नीलमची कड उडाली. त्यांच्याबरोबर आम्ही सदर बाजारामागच्या एका गल्लीत गेलो. छोटीशी खोली, एक खिडकी, खिडकीपाशी सान आणि सानेपुढे साठी उलटलेला कारागीर. त्याचे काम पाहून आम्ही असे गुंतलो की पुढचे तीन रविवार तिथेच गेले.

नीलम म्हणजे कुरुंदाचाच एक प्रकार. माणिकही तोच. क्रोमियममुळे लाल झाला तर माणिक, लोह आणि टायटॅनियममुळे निळा झाला तर नीलम. वॅगन रिपेअर शॉपमध्ये आपण ज्या ग्राइंडिंगच्या चाकावर हत्यारांना धार लावतो, त्यातली खरही बहुधा हीच, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. फक्त कारखान्यात बनवलेली. गार्डसाहेबांच्या जुन्या चावीच्या घड्याळातले सतरा ‘ज्वेल’ही कृत्रिम कुरुंदाचेच. झिजत नाही म्हणून घड्याळाची चाके त्याच्यावर फिरतात. आपल्या छत्तीसगडातही बिजापूर जिल्ह्यात भोपालपट्टनमकडे कुरुंद निघतो. इंद्रावती ओलांडली की पलीकडे गडचिरोली. दगडाला कुठे प्रांताची हद्द माहीत असते! रायपूरच्या बाजारातला चांगला नीलम मात्र बाहेरूनच येतो.

असा हा दगड कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, दहापैकी नऊ. मग त्याला कापणार कशाने? हिऱ्यानेच. हिऱ्याची भुकटी तेलात कालवून तांब्याच्या तबकडीवर चोळायची. कण तांब्यात रुतून बसतात आणि ती तबकडी दगड खाऊ लागते. पूर्वी एका हाताने कमान ओढून सान फिरवीत आणि दुसऱ्या हाताने दगड धरीत. आता मोटर आली आहे. दगड धरणे मात्र हाताचेच राहिले.

सानेला लावण्याआधी कारागीर दगड नुसता बघत बसतो, आणि खरे कसब तिथेच आहे. आमच्यासमोर त्याने एका व्यापाऱ्याचा कच्चा नीलम पाण्याच्या वाटीत टाकला. पाण्यात पृष्ठभागाची खरखर दिसेनाशी होते आणि आतले दिसते. तेव्हा कळले की दगड सगळा निळा नव्हताच! एका अंगाला निळा पट्टा, बाकी जवळजवळ पांढरा. तो पट्टा तळाशी येईल असा दगड बसवला तर वरून पाहणाऱ्याला सगळा निळा दिसतो. शिवाय नीलम एका दिशेने गर्द निळा, तर आडव्या दिशेने हिरवट दिसतो. तोंड कुठे काढायचे हे इथेच ठरते. चुकले तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

मग दिव्यावर लाख तापवून दगड काठीच्या टोकाला चिकटवायचा. ही लाख आपल्याच रानातली, कुसुमाच्या झाडावरची. शेजारी भोके पाडलेला उभा ठोकळा असतो. काठीचे मागचे टोक ज्या भोकात टेकवाल त्यावर पैलूचा कोन ठरतो. तळाचा उतार साधारण 40 अंशांच्या आसपास हवा. तो फार उथळ झाला तर उजेड वर न परतता आरपार निघून जातो आणि दगडाच्या मधोमध काचेची खिडकी दिसते. कारागीर कोनमापक वापरत नाही. कानाने ऐकतो. दगड नीट लागला की आवाज एकसारखा येतो, तिरपा लागला की किरकिरतो. मधूनमधून पाणी लावतो, कारण तापला तर आतली बारीक भेग वाढते. शेवटी अगदी बारीक भुकटीवर झिलई.

निम्म्याहून अधिक दगड धुळीत जाणे ही या धंद्यातली रोजची गोष्ट. भांडण इथूनच सुरू होते. व्यापाऱ्याला वजन हवे, कारण विक्री कॅरटवर. कारागिराला तेज हवे. मजुरी पडते नगावर, आणि दगड फुटला तर? आम्ही हे विचारल्यावर तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “साहेब, एकदा फुटला. भेग आधीचीच होती. पण लिहिलेले कुठे होते? चार वर्षे मजुरीतून कापून घेतले.”

आपल्याकडे एखादे हत्यार मोडले तर निदान चौकशी तरी होते. आपल्याला गॉगल मिळतो, रजा मिळते, पेन्शनसाठी भांडायला युनियन आहे. याला भविष्यनिर्वाह निधी नाही, विमा नाही, मालक कोण हेही कागदावर नाही. नीलमच्या धुळीत सिलिका नाही हे खरे. पण त्याच सानेवर हा माणूस स्फटिक आणि अकीकही घासतो, आणि ती शुद्ध सिलिका. खंभातच्या अकीक कामगारांना त्या धुळीने सिलिकोसिस होतो हे डॉक्टरांनी केव्हाच नोंदले आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात हा व्यावसायिक रोग धरलेला आहे. पण भरपाई मागायची कोणाकडे? व्यापारी म्हणतो, हा माझा नोकर नाही.

आम्ही त्याला 2021 साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीचे सांगितले. तो म्हणाला, “ते करीन. पण आधी मला एक पावती छापून द्या.”

ती पावती आपल्या ऑफिसातच तयार झाली. तारीख, कच्चे वजन, घेताना दिसलेल्या भेगा, ठरलेली मजुरी, दगड फुटल्यास जबाबदारी कोणाची, आणि दोघांच्या सह्या. शंभर पानांची दोन पुस्तके छापली. खर्च गार्डसाहेबांनी दिला. अंगठी अजून त्यांच्या बोटात आहे, दगड थोडा लहान झाला एवढेच.

पहिल्या व्यापाऱ्याने सही करायला नकार दिला आणि दगड उचलून नेला. आठ दिवसांनी तोच परत घेऊन आला, कारण दुसरीकडे तसा हात मिळाला नाही. पहिल्या पावतीवर त्याची सही आहे. गल्लीत आणखी पाच साना चालतात. येत्या रविवारी सकाळी दहाला आम्ही पावतीपुस्तके घेऊन तिथे जाणार आहोत. ज्यांची ड्यूटी नसेल त्यांनी स्टेशनसमोर जमावे.